पाड पडेपर्यंत

अक्का,

तू गेलीस त्या सकाळी झाडावर तीन फळं होती आणि माझ्या हजेरीपुस्तकात एक पोस्टकार्ड होतं. फळं चार असायला हवी होती. आणि ते कार्ड मी तुला सव्वा महिन्यापूर्वीच वाचून दाखवायला हवं होतं. या दोन गोष्टी घशात अडकवून मी तुझे सगळे दिवस केले. परवा तुझं तेरावं झालं. आज शाळेतून रजा घेऊन ओट्यावर बसलोय, तुझ्या त्या पिंपाला पाठ लावून. तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला लिहीत बसलोय. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतंय, उगाच म्हणू नकोस.

लोक येऊन सांगतात, "शांतपनी गेल्या हो अक्का." शांतपणे! तू आयुष्यात एक तरी गोष्ट शांतपणे केलीस का? भांडी घासलीस तरी शेजारच्या आळीला कळायचं. मी आपला मान डोलावतो आणि मनात म्हणतो, तुम्हाला काय माहीत, शेवटचा सव्वा महिना या दोन खणांच्या घरात काय चाललं होतं. मी तिला फसवत होतो. असं मला परवापर्यंत वाटत होतं.

पण मी पुढे पळतोय. तू नेहमी म्हणायचीस, मास्तर असून सुरुवातीपासनं सांगता येत न्हाई.

तर सुरुवातीपासून. तू धरणावरच्या बंगल्यात कामाला होतीस तेव्हाची गोष्ट. ज्या पाण्यानं आपलं गाव गिळलं, त्याच पाण्याकाठी साहेबाची भांडी घासायचीस आणि शनिवारी एसटीनं घरी यायचीस. एका शनिवारी पदराची गाठ सोडलीस आणि माझ्या हातावर एक कोय ठेवलीस. कोंबडीच्या अंड्याएवढी, गुळगुळीत, तपकिरी.

"बाळू, ही बघ. आंब्याच्या बापाची कोय."

साहेबाला बेंगळूरहून पेंढ्यात बांधून टोपली यायची, त्यातलं हे फळ. बंगल्यावरचे खानसामे रहिमानभाई त्याला लोणीफळ म्हणायचे. आत पिवळा गर, लोण्यासारखा मऊ, साहेब चमच्यानं खातो, असं तू सांगितलंस. मी विचारलं, "चाखलंस का?"

"साहेबाचं उष्टं खाऊ व्हय मी? कोय धुवून घेतलीया. आपल्या दारात लावीन आन् आपलं खाईन."

आपलं खाईन. ही तुझी हौस, आणि पुढची आठ वर्षं आपण दोघं त्या हौसेपायी भांडलो.

कोय रुजवायची कशी ते रहिमानभाईंनी सांगितलं होतं. बाभळीचे तीन काटे तिच्या कुशीत टोचायचे आणि पाण्यानं भरलेल्या फुलपात्रावर अशी टेकवायची, की बूड तेवढं पाण्यात राहील. मी म्हटलं, टोकाची बाजू खाली कर, मूळ टोकातून फुटतं. शाळेत शिकवतो ना मी! तू ऐकलंस. महिना गेला, कोय बुळबुळीत झाली. मग एके सकाळी पाहिलं तर ती उलटी बसवलेली, टोक वर. पंधरा दिवसांनी बूड तडकलं आणि पांढरं मूळ पाण्यात उतरलं. तू ते फुलपात्र माझ्या ताटासमोर आणून ठेवलंस आणि मी जेवून उठेपर्यंत उचललं नाहीस.

जागा कुठली आपल्याला! अंगणात खाट टाकली की चालायला वाट उरत नाही. पौडच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथलं रिकामं डांबराचं पिंप तू आणवलंस, अर्ध्यावर कापून घेतलंस. आत पेंढा पेटवून डांबर जाळलंस, बुडाला भोकं पाडलीस, कौलाचे तुकडे, वर नदीची वाळू, लाल माती, कुजलेला पालापाचोळा. शेजारचे गेनूभाऊ कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "अक्का, पिंपात कशापायी? माज्या बांधाला लावा की. जिमिनीत झाड कसं मोकळं वाढतंय."

"जिमिनीतलं झाड उचलून न्हेता येत न्हाई," तू म्हणालीस.

झालं. तिथून माझं डोकं फिरलं. अगं, कुठं न्यायचंय आता? धरण होऊन चाळीस वर्षं होत आली. पाणी यायचं होतं ते येऊन गेलं. आपण इथं रुजलो, मला इथं नोकरी लागली, माझं लग्न इथं झालं, सगळं इथंच. मी म्हटलं, "अक्का, ते भरलेलं पिंप चार माणसांना हलायचं नाही. उचलून न्यायच्या गोष्टी कसल्या करतेस?" तू म्हणालीस, "चार मानसं मिळतील. रान कोन उचलंल?" मी आवाज चढवला. उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो, हे तुला पाठ होतं.

आपलं गाव सोडलं तेव्हा तू बारा वर्षांची आणि मी चार. आई आधीच गेलेली; होते ते फक्त वडील, आबा. मला त्या दिवसातलं फक्त तुझ्या कडेवरून हलणारं आकाश आठवतं. बाकी सगळं तुझ्या तोंडून ऐकलेलं. वैशाख होता. परड्यातलं आंब्याचं झाड कैऱ्यांनी वाकलं होतं. लोक आपापली झाडं झोडपून, पोती भरून न्यायला लागले होते, कारण पुढच्या पावसात सगळंच पाण्याखाली जाणार होतं. आबांनी झाडाला हात लावू दिला नाही. अजून पाड पडला नव्हता. झाडावरच पिकून पहिला आंबा आपण होऊन खाली पडला की तो पाड, आणि तो पडल्याशिवाय आपल्या घरात कधी आंबा उतरवला गेला नाही. आबा म्हणाले, पाण्याखाली जायचं तर जाऊ दे, मी कच्च्याला हात लावायचा नाही. आणि भरलेलं झाड मागं ठेवून आपण निघालो.

मला आबांचा तो हट्ट कधी कळला नाही. तुला कळला होता. तुझ्यात तो जसाच्या तसा उतरला होता.

झाड तू वाढवलंस कशाला म्हणायचं, तू त्याला वाढू दिलं नाहीस. दर संक्रांतीला शेंडा खुडायचीस. मी कळवळायचो. "अगं, कोवळा फुटवा आहे." "असू दे. कौलाच्या पाख्याखाली ऱ्हायचं तर डोकं खाली ठेवाया शिकलं पायजे." एका वर्षाआड पिंपाच्या कडेनं कोयता घालून मुळं छाटायचीस आणि नवी माती भरायचीस. त्याच्या मुळाशी पाणी साचलं की ते सडतं, हे तुला कुणी सांगितलं कोण जाणे. पिंप तीन दगडांवर चढवलंस. आणि आषाढात, मुळशीचा पाऊस कौलं फोडायला लागला की तुझं इरलं त्याच्या बुंध्याशी, पिंपाच्या तोंडावर. स्वतः भिजत पाण्याला जायचीस आणि झाड कोरडं. इंदू, माझी बायको, मला म्हणायची, "वन्संना सांगा की, ताप येईल." मी सांगितलं. तू जे उत्तर दिलंस ते मी इथं लिहीत नाही.

आठ वर्षांत ते तुझ्या खांद्याएवढं झालं. त्याच्या वर जाऊ दिलं नाहीस. गेल्या वर्षी होळीला पहिल्यांदा मोहरलं आणि सगळा मोहर गळून गेला. या वर्षी पुन्हा मोहर आला आणि पाच फळं धरली. पाच! दसऱ्यापर्यंत ती मुठीएवढी झाली, हिरवीगार, खरबरीत. पण तोवर तुझ्या पोटातही एक गाठ धरली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. दिवाळी बघतील कदाचित. जे खावंसं वाटतंय ते द्या."

जे खावंसं वाटतंय ते. अक्का, तुला एकच गोष्ट खावीशी वाटत होती आणि ती दारात लोंबत होती.

तुझी खाट आपण दारापाशी आणली. रोज सकाळी भिंतीला धरून उठायचीस, पाच पावलं चालायचीस, एकेका फळाला अंगठा लावून बघायचीस. "घट हाय अजून." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "घट हाय." मी म्हटलं, "एक तोडू. कापून तर बघू." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी आबांच्या झाडाला बांबू घातलाय.

"पाड पडंल. मग खाईन. आन् मग मी मोकळी."

मग मी मोकळी. हे तू सहज बोललीस. नेहमीसारखं, फटकन. मी मात्र ते शब्द धरून बसलो.

खाण्यावरूनही आपलं वाजायचंच. मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की साहेबलोक ते साखर घालून खातात, म्हणून मी म्हणायचो, गुळाबरोबर खाऊ. तू म्हणायचीस, मीठ-मिरची. ज्या फळाची चव दोघांनाही माहीत नाही, त्यावरून आपण तासतासभर हुज्जत घालायचो. इंदू हसून हसून बेजार व्हायची. तुझ्या अंगात तेवढा वेळ जोर यायचा, म्हणून मी मुद्दाम तो विषय काढायचो. हे तुला ठाऊक होतं का? आता वाटतं, असणारच.

दसरा गेला. पाड पडला नाही. मला शंका येत होती, म्हणून तुला न सांगता मी पुण्याला शेतीखात्यातल्या एका अधिकाऱ्याला पत्र टाकलं. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी शाळेत मी तिसरीचा वर्ग घेत होतो. पोस्टमन दगडूभाऊ दारात आले आणि कार्ड दिलं. तिथंच उभ्यानं वाचलं. हे फळ झाडावर पिकत नाही. पूर्ण वाढलेलं फळ देठासह उतरवून धान्यात किंवा पेंढ्यात ठेवावं. आठ-दहा दिवसांत मऊ होतं. झाडावर ते महिनोन्‌महिने तसंच कडक राहतं.

पोरं पाढे म्हणत होती. याचा अर्थ, तुझा पाड कधीच पडणार नव्हता.

आता तू म्हणशील, मग घरी येऊन सांगायचं. अगं, सांगायलाच निघालो होतो! रस्त्यानं येताना मी ठरवलंसुद्धा की आजच दोन फळं उतरवायची. पण दारात आलो तर तू खाटेवर उठून बसलेली. डॉक्टरांनी दिलेले दिवस संपत आले होते आणि तू बसलेली, डोळे त्या झाडाकडे. मला वाटलं, ही पाडाची वाट बघतेय म्हणून जिवंत आहे. आठ-दहा दिवसांत फळ पिकलं, हिनं खाल्लं, की ही मोकळी होईल. आपल्या तोंडानं म्हणालीय ती तसं. मग न पडणाऱ्या पाडाची वाट बघू दे. जेवढी बघेल तेवढे दिवस माझे.

कार्ड हजेरीपुस्तकात गेलं. तुला वाचता येत नव्हतं याचा मला तेव्हा आनंद झाला. लिहितानाही लाज वाटते, पण झाला.

भाऊबीजेला तू पाटावर बसवून मला ओवाळलंस. निरांजन हलत होतं. मी ओवाळणी घालायला गेलो तर ताट मागं घेतलंस.

"मला पैका नको. एक खरं सांग. त्या फळाचं कुटं काय कळलं का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. किती वेळ बघितलंस, अक्का! मग ताट खाली ठेवलंस. "दिली म्हनायची ओवाळनी," म्हणालीस आणि हसलीस. मला वाटलं, टोमणा मारलास.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी एक फळ गायब झालं. सकाळी मोजली तर चार. देठ नीट कापलेला. मी भडकलो. आदल्याच दिवशी गेनूभाऊ कुंपणावरून म्हणाले होते, "मास्तर, आमाला बी एक चाखवा, न्हाईतर मीच घीन तोडून." थट्टा होती ती. पण मला तेव्हा थट्टा कळत नव्हती. एकेक फळ म्हणजे मला तुझा एकेक आठवडा वाटत होता, आणि कुणीतरी तो चोरला होता. मी भर आळीत गेनूभाऊंना चोर म्हटलं.

ते हातातला विळा खाली ठेवून उभे राहिले. "मास्तर, शिकल्यालं तोंड हाय तुमचं. जपून बोला."

तू खाटेवरून ओरडत होतीस. "बाळू! वानरानं न्हेलं आसंल! आत ये! गप बस आन् आत ये!" तुझा आवाज फाटला, तरी मी थांबलो नाही. वानर देठ कापून नेत नाही, असं मी तुलाच शिकवत होतो. गेनूभाऊंनी त्या दिवसापासून आपल्या दाराकडे बघणं सोडलं. आणि तू त्या दिवशी जेवली नाहीस. मला वाटलं, फळ गेल्याच्या दुःखानं.

मी बांबूच्या कामट्यांची जाळी विणून झाडाला लावली. शाळेतून धावत यायचो. तू रोज विचारायचीस, "पडला का रं?" मी म्हणायचो, "पडेल." तू म्हणायचीस, "पडंल." असं आपण दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघून म्हणत होतो. कार्तिक सरला. डॉक्टरांचे दिवस संपून वर तीन आठवडे झाले आणि मला माझ्या खोटेपणाचा गर्व वाटायला लागला. मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत नेतो हिला. शेंडा हीच खुडेल.

मार्गशीर्षात एका पहाटे इंदूनं मला हाक मारली आणि तू नव्हतीस.

शेवटच्या चार दिवसांत फळं मोजायचं राहिलं होतं, शेवटचे दोन दिवस तर मी तुझ्या उशाशीच होतो. तुला अंगणात ठेवलं तेव्हा नजर गेली. तीन. काय सांगू, अक्का, तुझ्या अंगावर पांढरं पांघरलेलं असताना माझ्या मनात पहिला विचार चोराचा आला. आणि त्याच वेळी गेनूभाऊ कुंपण ओलांडून आले, तिरडी बांधायला बसले आणि पुढचा खांदा त्यांनी दिला. पुढं तीन दिवस त्यांच्या घरून भाकरी येत होती. मी ती खात होतो आणि मनात म्हणत होतो, यानंच नेलं असणार.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. घाटावरची माणसं म्हणाली, काही राहिलं न्हाई बघा मागं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की राहिलंय! माझ्या हजेरीपुस्तकात राहिलंय! तिला एक फळ खायचं होतं आणि मी ते तिच्या तोंडापासून अडवलं. इंदूलासुद्धा सांगू शकलो नाही. पिंडाला शिवलेला कावळाच चुकला असणार, इथवर माझी मजल गेली.

आणि परवा तेराव्याला इंदूनं तुझ्या खाटेखालचं मडकं काढलं. तुझं ते आंबेमोहराचं मडकं, ज्याला तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस. "माज्या तेराव्याला ह्येच तांदूळ शिजवा," असं बजावून ठेवलेलं. इंदूनं ते सुपात ओतलं आणि काहीतरी धपकन पडलं. तिनं मला हाक मारली ती अशी, की मी पंगतीची पानं मांडायची सोडून धावलो.

सुपात, तांदळात, एक फळ होतं. हिरव्याचं काळपट झालेलं, देठ नीट कापलेला. हातात घेतलं तर अंगठा रुतला. बाजूला तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीची गाठ. मी ती सोडली. आत एक कोय. धुतलेली, वाळलेली, कोंबडीच्या अंड्याएवढी. आणि माझ्याच शाळेच्या वहीच्या कागदाची एक पुडी.

इंदू विचारत होती, काय झालं, काय झालं. मला आधी काहीच कळेना. मग कळलं, फळ धान्यात ठेवायचं हे फक्त त्या कार्डात होतं, आणि मी थेट दगडूभाऊंकडे गेलो. ते पंगतीसाठी येऊन ओट्यावर बसले होते.

"दगडूभाऊ, दिवाळीच्या आधी माझं कार्ड आलं होतं. ते तुम्ही आधी घरी नेलं होतं का?"

"व्हय की," ते म्हणाले. "वाटंत तुमचं घर लागतंय. अक्का म्हटल्या, कुनाचं हाय, वाचा. म्या वाचलं. उघडंच असतंय की कार्ड, समद्यांचं वाचतो. मग म्हटल्या, फिरून एकदा वाचा. फिरून वाचलं. मग म्हटल्या, आता शाळंत न्हेऊन मास्तरच्या हातात द्या, आन् मी ऐकलंय म्हनू नका." पाण्याचा तांब्या हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. "का? चुकलं का काय माजं?"

गावातली सगळी कार्डं हा माणूस गेली वीस वर्षं दारोदार वाचून दाखवतो. मी स्वतः कितीदा पाहिलंय. आणि मी मास्तर, मी समजत होतो की अक्षरओळख नसलेल्या बाईपासून पोस्टकार्ड लपवता येतं!

म्हणजे भाऊबीजेला तू मला विचारलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मला खरं बोलायची संधी दिलीस. मी खोटं बोललो आणि माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं की मी का खोटं बोलतोय. "दिली म्हनायची ओवाळनी." टोमणा नव्हता तो. आणि मग तू, पाड पडल्याशिवाय हात न लावणाऱ्या आबांची तू लेक, विळी घेऊन पहाटे उठलीस, देठ कापलास, फळ तांदळात पुरलंस, आणि आठ-दहा दिवसांनी एकटीनं खाल्लंस! एकटीनं, अक्का! आम्ही दोघं दोन हातांवर असताना! आणि वर रोज सकाळी मला विचारायचीस, पडला का रं?

का विचारायचीस ते मला कळलंय. मला वाटत होतं, मी तुला वाट बघायला लावतोय. तू मला बघू देत होतीस. फळ खाऊनही तू मोकळी झाली नाहीस, आणखी तीन आठवडे राहिलीस, ते कुणासाठी ते मी लिहीत नाही. लिहिलं तर मला आज उठता येणार नाही.

राग आहे तुझ्यावर. असू दे. गेनूभाऊंना चोर म्हटलं तेव्हा खरं सांगून टाकलं असतंस तर? खाटेवरून घसा फोडलास, पण एक शब्द खरा बोलली नाहीस. तो वाद आपला राहिलाच. तू असतीस तर महिनाभर पुरला असता.

परवा संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी फळ कापलं. बरोबर दोन भाग केले, एक पानावर ठेवला आणि कुंपणापाशी गेलो. गेनूभाऊ गुरांना वैरण टाकत होते. मी म्हटलं, "गेनूभाऊ, चोर घरातच होता. अक्कानं तोडलं होतं. माझं चुकलं. भर आळीत म्हटलं होतं, भर आळीत पाया पडतो." त्यांनी पान हातात घेतलं, वास घेतला. मग म्हणाले, "ते मला ठावं हुतं, मास्तर. म्या बघितलं हुतं त्यांना, इळी घेऊन. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, म्हनून म्या गप ऱ्हायलो." आणि मान फिरवून पुन्हा वैरण टाकायला लागले.

बघ, माणसाला चोर म्हणवून घ्यायला लावलंस आणि त्यानं घेतलं. मी तुला काय म्हणू?

उरलेली तीन फळं काल सकाळी मीच उतरवली, विळीनं, देठ ठेवून. तांदळात ठेवलीत. ती कोय मात्र मी गेनूभाऊंच्या बांधावर लावणार आहे. जमिनीत. टोक वर करून. भांडायचं असेल तर ये.

आणि तो माझा अर्धा भाग. इंदूनं ताटलीत ठेवला, शेजारी गुळाचा खडा ठेवला. माझ्यासाठी, आवडीनं. मी तुझी पुडी सोडली. मीठ, आणि त्यात कुटलेली लाल मिरची, तुझ्या हाताची, जरा जास्तच. आजारपणात खलबत्त्याशी कधी बसलीस गं? गर चमच्यानं काढला, वर चिमूट टाकली आणि तोंडात घातला. डोळ्यात पाणी आलं ते मिरचीचं, असं मी इंदूला सांगितलं.

मग गुळाचा खडा उचलून मी परत डब्यात टाकला.